खाज आणि तिची नोंद

मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारास वसलेल्या जांबे गावातील एखाद्या शेतकऱ्याचे डोळे खाजू लागले, तर ती खाज खरी आहे हे त्याला कोणाच्या साक्षीने सिद्ध करावे लागत नाही. वैद्य तिचे कारण लाली, सूज, स्राव, हंगाम यांवरून अनुमानाने शोधतो. तिसरा इसम याहून दूरचा: पुण्याच्या कचेऱ्यांत मेडिकल कोडिंग करणारे तरुण अमेरिकेतील रुग्णांचे कागद वाचून निदानांना संकेतांक देतात, त्यांनी डोळा पाहिलेला नसतो, तक्रार ऐकलेली नसते, आणि त्यांच्या हाती उरते ते केवळ शब्दप्रमाण.

चरकाने विमानस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही रोगज्ञानाची तीन साधने एकाच वैद्याला सांगितली. आधुनिक दफ्तराने ती तिघांत वाटून दिली आणि शेवटच्यास अनुमानाची सक्त मनाई केली. वैद्याने ॲलर्जीवरचे थेंब लिहून दिले असले, तरी त्या निदानाचे शब्द कागदावर नसतील तोवर दोन्ही डोळ्यांच्या ॲलर्जीचा एच१०.१३ हा अंक लावावयाचा नाही. बाह्यरुग्णाच्या कागदावर ‘संभाव्य’ किंवा ‘संशयित’ असे असले तरीही नाही. नुसत्या वहिवाटीवरून तलाठ्याला मालकीचा फेरफार करता येत नाही, त्याच जातीचा हा निर्बंध. वरवर तो कारकुनी दिसतो. मला मात्र संशयाला निश्चय म्हणून खपवू न देण्याचे, पुष्कळ पंडितांनाही न साधलेले व्रत त्यात दिसते.

निदान ठरले नाही तर लक्षणच लिहावे, अशी आज्ञा आहे. पण खाजेच्या लक्षणाला घर कोठे? हे संकेतांक ज्यातून येतात ते रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे (आयसीडी) कोष्टक जाक बेर्तियों यांच्या १८९३ च्या मृत्युकारणांच्या यादीतून जन्मले. १९४८ साली ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आल्यावर त्यात आजारांचीही रीतसर मोजदाद होऊ लागली. खाजेने कोणी मरत नाही! दहाव्या आवृत्तीत डोळ्याच्या दुखण्याला एच५७.१ हा स्वतंत्र रकाना आहे. खाजेला मात्र अमेरिकी पाठात एच५७.८९ या ‘इतर’ विकारांत दाटीने बसावे लागते. उलट सुश्रुताने शहात्तर नेत्ररोग मोजताना कफज अभिष्यंदात, म्हणजे कफाने डोळे येण्यात, कंडू, म्हणजे खाज, नावानिशी सांगितली आहे.

भोगणाऱ्याला जे सर्वांत निश्चित, तेच दफ्तरात बेघर ठरावे, हा अन्याय म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. ‘इतर’ म्हणजे अज्ञात नव्हे. नाव सांगितलेले आहे, जागा नेमलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र त्या एका अंकात नाना तक्रारी एकत्र पडत असल्यामुळे खाज कोणत्या डोळ्याला आणि केव्हापासून, हे वैद्याने आपल्या टिपणात लिहिणे भाग आहे, कारण अंकातून ते परत काढता येत नाही.