सावधपणाचं श्रेय कुणाचं?

चढावर एखादी मोटार बंद पडते. मागे हॉर्नचा गजर सुरू होतो आणि कुणीतरी काच खाली करून म्हणतं, “बाई असणार!” ओलांडून जाताना स्टिअरिंगवर खरोखरच बाई दिसली, तर निकाल पक्का. पुरुष दिसला तर शेरा बदलतो: “नवशिका दिसतोय.” चूक एकच, पण पुरुषाची चूक त्याच्या एकट्याची राहते आणि बाईची चूक समस्त बायकांच्या नावावर मांडली जाते.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने असल्या निष्कर्षांची कसोटी फार पूर्वी घालून दिली आहे. अनुमान उभं राहतं ते व्याप्तीवर. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, असा न मोडणारा संबंध असेल, तरच धूर पाहून डोंगरावर आग आहे असं म्हणता येतं. हेतू (इथे धूर) आहे पण साध्य (इथे अग्नी) नाही, असं एक उदाहरण सापडलं तरी अनुमान कोसळतं. ‘ही बाई आहे, म्हणून गाडी वाईट चालवते’ या विधानाला छेद देणारी उदाहरणं तर रोज प्रत्येक चौकातून जातात.

आकडेही या समजाच्या विरुद्ध बोलतात. रस्ते अपघातात जीव जाण्याचा धोका तरुण पुरुषांना तरुण स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतले बहुसंख्य पुरुष होते. अर्थात हा हिशेब सरळ नाही. पुरुष जास्त अंतर गाडी चालवतात, रात्री-अपरात्री चालवतात, ट्रक चालवतात. आपल्याकडे परवाना असलेल्या स्त्रियाच मुळात कमी. त्यामुळे नुसत्या मृतांच्या संख्येवरून कुणाचं कौशल्य ठरत नाही. किरकोळ धडकांचं चित्रही इतकं एकतर्फी नाही. पण अमेरिकेत, कापलेलं अंतर हिशेबात धरल्यावरही, जीवघेण्या अपघातांत पुरुषांचं पारडं जड राहतं. भरधाव वेग, दारू पिऊन गाडी चालवणं, सीटबेल्ट न लावणं ही त्यामागची नेहमीची कारणं.

मग ‘बायका मुळातच सावध असतात’ असं म्हणून मोकळं व्हावं का? खरा पेच इथे सुरू होतो.

युरोपात तो न्यायालयापर्यंत गेला. अपघातांची आकडेवारी पुढे ठेवून तिथल्या अनेक विमा कंपन्या तरुण मुलींना वाहनविमा स्वस्तात देत आणि तरुण मुलांकडून जादा हप्ता घेत. युरोपीय कायद्यात समान वागणुकीचं तत्त्व होतं, पण विम्यासाठी त्यातून सवलत ठेवली होती. बेल्जियममधल्या ‘तेस्त-आशा’ या ग्राहक संघटनेने या सवलतीला आव्हान दिलं. 1 मार्च 2011 रोजी युरोपीय न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि 21 डिसेंबर 2012 पासून नव्या पॉलिसींत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई झाली. कॅलिफोर्नियानेही 2019 पासून खासगी मोटारींच्या विम्यात हाच नियम लावला. युरोपातल्या निकालाचा भुर्दंड तरुण मुलींना पडणार, हे उघड होतं.

तरीही तो निकाल योग्य होता का? अमेरिकी विचारवंत फ्रेडरिक शाउअर यांनी 2003 मध्येच, गटावरून व्यक्तीला जोखावं का या प्रश्नावर, एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. सामान्यीकरणाशिवाय कायदाही चालत नाही आणि विमाही, असं त्यांचं म्हणणं. अठरा वर्षांची अट घालताना कायदा एकेका मुलाची समज कुठे तपासतो? हा युक्तिवाद वजनदार आहे. पण वय सर्वांच्या वाट्याला येतं आणि सरतं; लिंग तसं नाही. युरोपीय न्यायालयाच्या महाधिवक्त्या युलियाने कोकोट यांनी या खटल्यात नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. वागणुकीतले जे फरक मोजायला अवघड जातात, त्यांच्याऐवजी लिंग हा सोयीचा निकष म्हणून वापरता येणार नाही, असं त्यांनी बजावलं.

त्याहून खोल प्रश्न नीतीचा आहे. समोर पिवळा दिवा लागला आहे, मागचा हॉर्न वाजवतो आहे, घरी पोहोचायला उशीर झाला आहे आणि तरीही एक बाई ब्रेकवर पाय ठेवते. तो तिने त्या क्षणी घेतलेला निर्णय आहे. ‘बायकांचा स्वभावच तसा’ म्हटलं की त्या निर्णयाचं श्रेय तिच्याकडून काढून निसर्गाला दिलं जातं. त्याच न्यायाने ‘पोरं अशीच गाडी हाणणार’ म्हटलं की सिग्नल तोडणाऱ्या पोराची जबाबदारीही निसर्गाच्या गळ्यात पडते. स्वभावाचं बोट धरलं की पुण्यही उरत नाही आणि पापही. म्हणून स्त्रियांची टवाळी नाकारणाऱ्याने हे कौतुकही नाकारायला हवं.

ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेत एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं गेलं. त्यातून हे पुस्तक जन्मलं. स्त्रियांच्या माथी मारलेले एकेक दुर्गुण घेऊन ते पुरुषांत किती मुरलेले आहेत, हे ताराबाईंनी दाखवलं. एका बाईच्या कृत्यावरून साऱ्या बायकांचा निवाडा करण्याची खोड त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

ही खोड निरुपद्रवीही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात युंग आणि फॉन हिपेल या मानसशास्त्रज्ञांनी स्त्रियांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली. काही जणींना आधी ‘बायकांना ड्रायव्हिंग जमत नाही’ या समजाची आठवण करून दिली होती. अचानक रस्त्यात आलेल्या पादचाऱ्याला धडक देण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर जणींच्या दुपटीहून जास्त निघालं. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही जून 2023 मध्ये सासवड-नीरा मार्गावर एसटीचं स्टिअरिंग पहिल्यांदा महिला चालकाच्या हाती आलं, तेव्हा तिच्यावर बसच्या जोडीला साऱ्या बायकांच्या अब्रूचंही ओझं होतं. शेजारच्या फलाटावरच्या पुरुष चालकाला ते कधी पेलावं लागलेलं नाही.

विम्याकडे परत यायचं तर, भारतात मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. चालक स्त्री की पुरुष, हे तिथे विचारलं जात नाही. 2022 मध्ये विमा नियामकाने स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात आणखी एक वाट उघडली: गाडी किती चालवता आणि कशी चालवता, यावर हप्ता ठरवण्याची मुभा दिली. यात मोजला जातो तो प्रत्यक्ष वेग आणि प्रत्यक्ष दाबलेला ब्रेक. आपली प्रत्येक हालचाल यंत्राला किती कळू द्यायची, हा वाद त्यातून उभा राहील आणि तो घालायलाच हवा. पण निदान त्या नोंदीत पिवळ्या दिव्याला थांबलेल्या बाईचा ब्रेक तिच्याच नावावर लागेल, आणि सिग्नल तोडणाऱ्या पोराचा वेग त्याच्या.