‘आम्ही जिंकलो’ म्हणताना



फुटबॉलचा सामना संपला की प्रेक्षक ‘अमका संघ जिंकला’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आम्ही जिंकलो!’ तो स्वतः खेळलेला नसतो, धावलेला नसतो, चेंडूला त्याचा पायसुद्धा लागलेला नसतो. दिवाणखान्यात कोचावर बसून, चिवड्याची बशी मांडीवर घेऊन त्याने सामना पाहिलेला असतो. तरीही विजय त्याचा! संघ हरला म्हणजे मात्र हाच गृहस्थ ‘त्यांना खेळता येत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. विजयात ‘आम्ही’ आणि पराजयात ‘ते’, ही गंमत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या गमतीच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो आम्हांला अमेरिकेत राहून विश्वचषकाच्या स्पर्धा पाहताना एका विशिष्ट दिवशी फार तीव्रतेने जाणवला. त्याविषयी आज थोडे लिहावेसे वाटते.

अमेरिकेत फुटबॉलला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव तेथे दुसऱ्याच एका खेळाने घेतले आहे. मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिलेल्या आमच्या पिढीतल्या माणसांना त्या देशातील या खेळाविषयीची उदासीनता प्रथम फार चमत्कारिक वाटली. 1950 नंतर तब्बल चाळीस वर्षे अमेरिकेचा संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलाच नव्हता. शेजारच्या घरी बेसबॉलची चर्चा चाले आणि फुटबॉलविषयी बोलायचे तर इटलीहून, पोलंडहून किंवा मेक्सिकोहून आलेला कोणी सहकारी शोधावा लागे. म्हणजे अमेरिकन संघाच्या चाहत्यांत आपल्यासारखेच बाहेरून आलेले पुष्कळ. ‘आम्ही’ हा शब्द या मंडळींच्या तोंडी नवा होता आणि म्हणूनच तो उच्चारताना त्यांना विशेष आनंद होत असे.

त्या संघाचा इतिहास पाहिला तर एक मोठा विजयही एका परक्यानेच मिळवून दिला. 29 जून 1950 रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझॉन्ते येथे अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला 1-0 असे हरवले. त्या संघात कोणी शिक्षक होता, कोणी टपाल वाटणारा, तर गोलरक्षक शववाहिनी चालवीत असे. एकमेव गोल केला तो जो गेटजेन्स या हैतीच्या तरुणाने. तो न्यूयॉर्कमध्ये हिशेबशास्त्र शिकत होता आणि पोटासाठी एका उपाहारगृहात भांडी घासत होता. तो अमेरिकेचा नागरिकही झाला नव्हता. होण्याचा इरादा तेवढा त्याने कळवला होता. पुढे तो आपल्या देशी परतला. त्याच्या कुटुंबातील काहींचा हुकूमशहा दुवालिए याच्या विरोधकांशी संबंध होता. 8 जुलै 1964 रोजी हुकूमशहाच्या हस्तकांनी गेटजेन्सला पकडून नेले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. 1976 मध्ये अमेरिकेने त्याचे नाव आपल्या फुटबॉलच्या मानकऱ्यांत घातले. गोल केला त्या दिवशी तो ‘आमचा’ होता. ज्या दिवशी त्याला दारातून ओढून नेले, त्या दिवशी तो कोणाचा होता?

आता त्या विशिष्ट दिवसाकडे वळतो. 1994 साली विश्वचषक अमेरिकेतच भरला. 22 जून रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना गावी रोझ बोल या विशाल मैदानावर अमेरिका आणि कोलंबिया यांची गाठ पडली. नव्वद हजारांहून अधिक लोक जमले होते. कोलंबियाचा संघ त्या वर्षी विश्वविजेता होईल असे पेलेसारखे जाणकार म्हणत होते. पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या घरी तेव्हा रात्रीची जेवणे व्हायची होती, पण कोणी टेलिव्हिजनसमोरून उठेना. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास अमेरिकेच्या जॉन हार्क्सने डावीकडून चेंडू आत टाकला. तो अडवण्यासाठी कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याने जमिनीवर घसरत पाय लांबवला आणि चेंडू त्याच्या पायाला लागून त्याच्याच गोलात गेला. आम्ही सगळे उड्या मारून ओरडलो. आमच्यातल्या धाकट्याने विचारले, ‘गोल कोणी केला?’ आम्ही एका आवाजात उत्तर दिले, ‘आपण केला!’

तो सामना अमेरिकेने 2-1 असा जिंकला. 1950 नंतरचा, म्हणजे 44 वर्षांनंतरचा विश्वचषकातला तो पहिलाच विजय. कोलंबियाचे आव्हान पहिल्याच फेरीत संपले आणि एस्कोबार मायदेशी परतला. 2 जुलैच्या पहाटे मेडेयिन शहरात एका रात्रक्लबाच्या बाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत, काही लोकांनी त्याच्याशी वाद घातला आणि त्याला गोळ्या घालून ठार केले. त्याचे वय 27 होते. त्या वादात त्या गोलाचाच विषय निघाला होता असे सांगतात. त्या दिवशी शनिवार होता. शब्बाथ संपवून आम्ही टेलिव्हिजन लावला तेव्हा ती बातमी आमच्या कानांवर आली, आणि बातमीबरोबर तो गोल पुन्हा दाखवण्यात आला. तोच पाय, तोच चेंडू. दहा दिवसांपूर्वी ज्या दृश्याने आम्ही नाचलो होतो, त्याच्याकडे आता बघवेना. धाकटा आमच्याकडे पाहत होता. त्याने काहीच विचारले नाही, पण ‘आपण केला’ हे आमचे उत्तर आमच्याच कानांत वाजू लागले.

येथे कोणी म्हणेल, यात प्रेक्षकाचा काय दोष? गोळी झाडणारा दुसराच होता. तो पकडला गेला आणि न्यायालयाने त्याला शिक्षाही दिली. स्वयंगोल हा खेळाचा भाग आहे. त्यावर आनंद मानायचा नाही, तर मग खेळ पाहायचाच कशाला? हा आक्षेप रास्त आहे. हजारो मैलांवर बसून ओरडणाऱ्या माणसावर हत्येचे पाप येते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कायद्याने दोषी नसणे आणि मनाने स्वच्छ असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की, दुसऱ्याच्या चुकीतून आपल्या पदरात पडलेला आनंद कसा उपभोगावा?

याचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्या सेदेरच्या रात्रीची आठवण झाली. मिसरी लोकांवर आलेल्या दहा पीडांची नावे घेताना आपण प्याल्यातून थोडे थोडे काढून टाकतो. कोकणातल्या आपल्या घरांत प्याल्यात काळ्या मनुकांचे शरबत असे, आणि लहानपणी आम्हांला ते वाया जाते म्हणून वाईट वाटे. पुढे कळले की, आपली सुटका झाली तरी तिच्यापायी दुसऱ्या माणसांना यातना झाल्या, म्हणून आपला प्याला काठोकाठ भरलेला असू नये, असा या चालीचा अर्थ पुष्कळ शिक्षक सांगतात. पेसाहच्या शेवटच्या दिवसांत आपण हालेलही पुरते म्हणत नाही. त्याचेही एक कारण हेच सांगितले जाते.

तालमूदमधली एक कथा तर या प्रश्नाला फारच जवळची आहे. फारोचे सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत स्तोत्र गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना थांबवले, कारण बुडणारी माणसेही त्याच्याच हातची होती. ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. समुद्राच्या काठी मोशेने आणि इस्राएल लोकांनी गीत गाइले, मिर्यामने डफ वाजवला, आणि त्यांना मात्र देवाने थांबवले नाही. असे का? आम्हांला वाटते, ज्यांच्या पाठीवर चाबूक ओढले होते, ज्यांच्या मागे रथ लागले होते, ते गाणारच. देवदूत मात्र वरून पाहत होते. ते प्रेक्षक होते!

आता प्रेक्षकाने आपण कोण ते ठरवावे. उन्हात नव्वद मिनिटे धावलेल्या खेळाडूने चेंडू जाळ्यात जाताच हात उंचावले तर ते माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण आम्ही कोचावरचे लोक जर नुसते पाहणारे असू, तर देवदूतांना जे शोभले नाही ते आम्हांला कसे शोभावे? आणि आम्ही पाहणारे नसून खरोखरच त्या संघाचे भाग आहोत, आमचे ‘आम्ही’ खरे आहे, असे म्हणायचे असेल, तर मग ते सगळ्या बाजूंनी खरे असले पाहिजे. किप्पूरच्या दिवशी आपण पापांची कबुली ‘मी’ म्हणून देत नाही, ‘आम्ही’ म्हणून देतो. जे पाप आपल्या हातून घडलेले नाही तेही त्या ‘आम्ही’त उच्चारतो. आपल्या धर्माने शिकवलेले ‘आम्ही’ हे असे महाग आहे. जो ते विजयाच्या दिवशी वापरतो त्याने ते इतर दिवशीही वापरावे.

हे किती कठीण आहे याची परीक्षा 10 ऑक्टोबर 2017 रोजी झाली. 2018 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरण्यास अमेरिकेला त्रिनिदाद व टोबॅगोशी बरोबरीही पुरेशी होती. त्रिनिदादचा संघ गटात तळाला होता. पण पहिलाच गोल झाला तो अमेरिकेचा बचावपटू ओमर गोन्झालेझ याच्या पायाला लागून, त्याच्याच संघावर. सामना अमेरिकेने 1-2 असा गमावला आणि 1986 नंतर प्रथमच ती स्पर्धेबाहेर राहिली. गोन्झालेझ टेक्सासमध्ये वाढलेला, मेक्सिकोतून आलेल्या आईबापांचा मुलगा. त्या रात्री आमच्याच घरात ‘त्याने घालवले’ असे शब्द निघाले. 1994 साली परक्याच्या पायाने झालेला गोल ‘आपण’ केला होता. आता आपल्याच माणसाची चूक त्याच्या एकट्याची झाली! आम्हां परदेशातून येऊन वसलेल्या लोकांना तरी हे कळायला हवे. यश मिळाले की हा देश आमच्या मुलांना आपले म्हणतो. त्यांच्या चुकीच्या दिवशीही त्याने त्यांना आपले म्हणावे, अशी आपली इच्छा असते ना?

याच त्रिनिदादची एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. 19 नोव्हेंबर 1989 रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे बाजू नेमकी उलटी होती. त्रिनिदादला बरोबरी पुरेशी होती आणि सारे मैदान लाल कपड्यांनी फुलले होते. अमेरिकेच्या पॉल कॅलिग्युरीने लांबून मारलेला एक चेंडू गोलात गेला, आणि त्या लहानशा देशाचे स्वप्न मोडले. ते पुरे व्हायला पुढे 2006 साल उजाडावे लागले. परंतु मोडलेल्या स्वप्नाच्या त्या संध्याकाळी तेथील प्रेक्षक इतक्या सभ्यतेने वागले की, जागतिक फुटबॉल संघटनेने 1989 चे खिलाडूवृत्तीचे पारितोषिक त्या प्रेक्षकांनाच दिले. गोल करणाऱ्याचे नाव अमेरिकेत अजून घेतले जाते. आम्हांला मात्र त्या दिवशी खरे कोण जिंकले याबद्दल शंका आहे.

शेवटी आणखी एक उदाहरण, आणि ते आपल्या घरांत सोपे नाही. 29 नोव्हेंबर 2022 रोजी कतारमध्ये अमेरिका व इराण यांचा सामना झाला. इस्राएलमध्ये ज्यांची भावंडे आहेत, मुले सैन्यात आहेत, त्या माणसांना इराणच्या संघाकडे निव्वळ अकरा खेळाडू म्हणून पाहणे जड जाते. तसे ते आम्हांलाही गेले. अमेरिकेने पुलिसिकच्या गोलावर 1-0 असा विजय मिळवला आणि इराण स्पर्धेबाहेर गेला. हेच इराणी खेळाडू काही दिवसांपूर्वी इंग्लंडविरुद्धच्या सामन्याच्या आरंभी आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी गप्प उभे राहिले होते, आणि त्याबद्दल घरी गेल्यावर काय होईल याची त्यांना धास्ती असणारच. शिट्टी वाजल्यावर रामीन रेझाइयान रडू लागला, तेव्हा अमेरिकेच्या अँटनी रॉबिन्सनने त्याला छातीशी धरले. ज्याला गाण्याचा हक्क होता त्यानेच आपल्या प्याल्यातून थेंब काढला. आम्ही ते पाहिले आणि ओरडणे थांबवले.

थेंब काढायचे म्हणजे प्याला उपडा करायचा नव्हे. सेदेरला आपण उरलेले शरबत पितोच, आणि आनंदाने पितो. मुलांनी आपल्या संघासाठी ओरडावे, झेंडे लावावेत, रात्री जागाव्यात. फक्त मोठ्यांनी एवढे करावे: समोरचा माणूस मान खाली घालून चालू लागला म्हणजे मुलांना त्याच्याकडेही बोट दाखवून पाहायला सांगावे आणि त्याचे नाव काय ते सांगावे. आमच्या घरी आता ही रीत पडली आहे. पुन्हा कधी कोणाच्या चुकीने आपल्याला गोल मिळाला आणि धाकट्याच्या मुलांनी विचारले की गोल कोणी केला, तर आम्ही प्रथम त्या माणसाचे नाव सांगू. नंतर हसू.