मंगळवारची मरीया

ईस्टरच्या प्रवचनात रिकामी कबर असते, बाजूला लोटलेली धोंड असते, धापा टाकत धावणारे पेत्र आणि योहान असतात. त्या दोघांच्याही आधी कबरीशी पोचलेली मग्दालीया मरीया? तीही असते, पण बहुधा पश्चात्तापाचे अश्रू गाळत. हे अश्रू तिच्या डोळ्यांत कुणी घातले, याची गोष्ट चौदाशे वर्षांची आहे.

शुभवर्तमानांत तिच्याविषयी मोजकेच लिहिले आहे. लूक सांगतो, तिच्यातून सात भुते निघाली होती आणि पदरमोड करून येशूच्या मंडळींची सेवा करणाऱ्या बायकांपैकी ती एक होती. चारही शुभवर्तमाने तिला कबरीपाशी आणतात. योहानाच्या विसाव्या अध्यायात ती येशूला माळी समजते, तो नावाने हाक मारतो तेव्हा ओळखते, आणि शिष्यांकडे निरोप घेऊन जाते. वेश्या असल्याचा कुठे शब्दही नाही. शिष्यांना मात्र बायकांचे बोलणे बाष्कळ वाटले, असे लूकच लिहितो. दुसऱ्या शतकात सेल्सस या टीकाकाराने पुनरुत्थानाची साक्ष म्हणजे एका भ्रमिष्ट बाईची बडबड, अशी टर उडवली.

मग 590 साली रोममध्ये प्लेगची साथ आली. पोप दुसरे पेलाजियस तिला बळी पडले आणि ग्रेगरी पोप झाले. पुढच्याच वर्षी सान क्लेमेंतेच्या देवळातल्या प्रवचनात त्यांनी लूकच्या सातव्या अध्यायातली निनावी पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघींची एक बाई केली. सात भुते म्हणजे सगळी दुर्व्यसने, असा अर्थही लावला. यात मला आकस दिसत नाही. दिसते ती प्रवचनकाराची नड. मरणाच्या छायेतल्या शहराला पडून पुन्हा उठलेले एक माणूस हवे होते, आणि तीन अर्ध्या गोष्टी जोडल्या की एक पुरी गोष्ट होते. हा मोह आपल्याकडच्या कीर्तनकारांनाही अनोळखी नाही.

खरी गंमत ग्रेगरींच्या ईस्टर सप्ताहातल्या प्रवचनात आहे. शिष्य निघून गेले, ही मात्र कबरीपाशी थांबली, म्हणून ते तिची मनापासून थोरवी गातात. नंदनवनात स्त्रीने मृत्यू आणला, कबरीपासून स्त्रीनेच जीवनाची वार्ता आणली, असेही म्हणतात. पण प्रवचनाच्या आरंभी तिची ओळख करून देतात ती नगरातली पापिणी म्हणून. थोरवी ऐकणारे विसरले, ओळख टिकली. चित्रकारांनी तिचे केस मोकळे सोडले. आयर्लंडमध्ये ‘वाट चुकलेल्या’ मुलींना कोंडून त्यांच्याकडून कपडे धुऊन घेणाऱ्या संस्थांना तिचे नाव मिळाले. त्यांतली शेवटची 1996 साली बंद झाली.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हा घोटाळा केलाच नाही. तिथे ईस्टरनंतरचा दुसरा रविवार सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे गेलेल्या स्त्रियांचा असतो. पश्चिमेत तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिला प्रेषितांची प्रेषित म्हटले, तरी पापिणीचा शिक्का तसाच राहिला. 1517 मध्ये फ्रान्सच्या लफेव्र देताप्लने या तिघी वेगळ्या असल्याचे दाखवले, तर 1521 मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याचाच निषेध केला. रोमने दुरुस्ती केली ती 1969 च्या सुधारणेत, फारसा गाजावाजा न करता: 22 जुलैला, तिच्या दिवशी, पापी स्त्रीऐवजी योहानाचा विसावा अध्याय वाचला जाऊ लागला. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

आणि ईस्टरच्या रविवारी? कॅथलिक देवळांत, म्हणजे आपल्या वसईतही, दिवसाच्या मिस्सेला नेमलेले योहानाचे वाचन नवव्या वचनाला थांबते. तिची आणि येशूची भेट अकराव्या वचनापासून सुरू होते. ती मंगळवारी वाचतात. मंगळवार कामाचा दिवस असतो.