खेळ कोणाच्या अंगणात चालला आहे?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आणि मग नवरात्रात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात चौकाचौकांत एकाच धाटणीचे फलक लागतात. खास महिलांसाठी 'खेळ पैठणीचा', पहिलं बक्षीस पैठणी, पाठोपाठ फ्रिज, मिक्सर, नथ आणि या सगळ्याच्या वर इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. त्यावरची टीकाही ठरलेली असते. एका साडीसाठी चांगल्या घरच्या बायकांना स्टेजवर फुगे फोडायला, केसांत स्ट्रॉ खोवायला, एका पायावर उड्या मारायला लावणं हा बाईचा अपमान आहे, असं शिकलेली माणसं म्हणतात. हे म्हणणं मला उथळ वाटतं. या कार्यक्रमांत अपमान होतच नाही असं मी म्हणत नाही. तो उड्या मारण्यात नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

या खेळाचं मूळ सर्वांना ठाऊक आहे. दूरदर्शनवर 'ताक धिना धिन' करणारे आदेश बांदेकर १३ सप्टेंबर २००४ रोजी तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'होम मिनिस्टर' घेऊन आले आणि घरोघरी भावोजी झाले. दोन वहिन्या, त्यांचे नवरे, सासवा, शेजारपाजार, थोड्या गप्पा, एक उखाणा, चार खेळ आणि शेवटी एकीला पैठणी. हा निव्वळ विरंगुळा आहे, त्याचा एवढा विचार कशाला, असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. ज्या गोष्टीपुढे घरं वर्षानुवर्षं संध्याकाळी बसून राहिली, तिचा विचार करावाच लागतो. बदलापूरची बाई रोज लोकलच्या दारात या उड्यांहून मोठा स्टंट करते, हे खेळाच्या बचावाचं वाक्यही टाळ्यांपुरतंच आहे. तिथे ती खेळत नसते.

अपमानाचा मुद्दा मात्र सोडून देता येत नाही, कारण तो सज्जन माणसं मांडतात. अंगविक्षेप म्हणजे अप्रतिष्ठा, हे त्यामागचं गृहीत आहे. मग मंगळागौरीचं काय करायचं? फुगडी, झिम्मा, लाटा, कोंबडा, सूप नाचवणं, हे सगळे अंगाचा कस काढणारे खेळ आहेत. कोंबडा खेळताना उकिडवं बसून उड्या मारणाऱ्या बाईला हसतात, तीही हसते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा मान तसूभरही कमी झालेला नसतो. यावर उत्तर येतं की तिथे बघायला परके पुरुष नसतात. मग परक्या डोळ्यांसमोरचंच उदाहरण घेऊ. स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर १९९५ मध्ये 'ग्रान प्री' नावाचा उन्हाळी खेळ सुरू झाला. रामोन गार्सिया हे त्याचे सूत्रधार. दोन छोट्या गावांचे संघ अजस्र पोशाख घालून धडपडायचे, पाण्यात पडायचे, आखाड्यात सोडलेली कालवड अंगावर आली की पळ काढायचे. सबंध देश हे पाहत असे. मोठ्या खंडानंतर २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा सूत्रधार गार्सियाच होते. जिवंत कालवडीच्या जागी मात्र कालवडीचा वेष घेतलेलं माणूस आलं. तिथे चिखलात लोळलेला माणूस अप्रतिष्ठित होत नाही, कारण तो आपल्या गावासाठी लोळतो, त्याचे गावकरी गॅलरीत ओरडत असतात आणि गावाचा महापौरही तिथे हजर असतो.

आणि धोक्याचेच खेळ घ्यायचे तर आपल्याकडे २००८ पासून 'खतरों के खिलाडी' आहे. २०११ मध्ये शाहरुख खान यांनी चालवलेला 'जोर का झटका' तर अर्जेंटिनात चित्रित झाला होता. तिथे नावाजलेले कलाकार मोठमोठ्या चेंडूंवरून घसरून पाण्यात पडत होते. त्यांचा अपमान झाला असं कुणीच म्हटलं नाही. कलाकार मानधन घेऊन पडला तर ते धाडस, आणि अंबरनाथच्या वडवलीतली बाई हौसेनं उडी मारते तेव्हा तो अपमान. मला यात बाईच्या प्रतिष्ठेची काळजी कमी आणि ती कुठल्या वर्गातली आहे त्याचा संकोच जास्त दिसतो. कदाचित मी कठोर बोलतो आहे. पण बाईनं स्टेजवर जाऊच नये, यापलीकडे या टीकेतून काही निघतही नाही.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तो एकाच गोष्टीत आहे. खेळ खेळवणारा पाहुणा आहे की दाता? 'होम मिनिस्टर'मधले बांदेकर तिच्या घरी येत. चप्पल काढून आत येत, तिनं दिलेला चहा घेत, आधी तिचं माहेर विचारत, मग लग्न कसं जमलं ते. घर तिचं, माणसं तिची, भिंतीवरचे फोटो तिचे. तिथे ती यजमानीण होती. भावोजी म्हणजे दीर, आणि आपल्या घरांत दिराची थट्टा करायचा हक्क वहिनीला असतो. त्या नात्यात देणारा आणि घेणारा अशी उतरंड नाही. चौकातल्या मंडपात दीर नसतो, 'भाऊ' म्हणवणारा इच्छुक उमेदवार असतो. ओवाळणी घालणारा, म्हणून वरचा. बाई तिथे टोकन घेऊन रांगेत बसते, निवेदक तिचं नाव एकदा पुकारतो, खेळ चुटकीसरशी उरकतो आणि बक्षीस घेताना कॅमेरा भाऊंवर असतो. ती उल्हासनगरच्या कुठल्या कॅम्पात राहते, कुठल्या कारखान्यात जाते, हे कुणी विचारत नाही. अपमान असलाच तर तो इथे आहे.

बांदेकर स्वतःही राजकारणात गेलेच की, असा आक्षेप येईल. गेले. २००९ मध्ये शिवसेनेकडून माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि हरले; मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले. पुढे सिद्धिविनायक न्यासाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. पण त्या पराभवाकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. पाहुण्याला चहा देणं आणि मत देणं या दोन गोष्टी बाया वेगळ्या ठेवू शकतात, हे त्यातून दिसलं. मला अधिक खटकतो तो २०२२ चा 'महामिनिस्टर', ज्यात अकरा लाखांची पैठणी ठेवली होती. त्या दिवसांत वहिनींपेक्षा साडीच्या किमतीचीच चर्चा जास्त झाली. येवल्याच्या विणकराचं महिनोन्महिन्यांचं काम हेच पैठणीचं मोल पुरेसं होतं. मूळ कार्यक्रमानंच दात्याची वाट धरली ती तेव्हा, असं मला वाटतं.

आपल्या पट्ट्यात ही वाट रुंद व्हायला आणखी एक कारण मिळालं. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवक म्हणून प्रश्न सोडवायचा मार्ग बंद होता, आणि लोकांसमोर तर राहायचं होतं. मग पैठणी सोपी पडली. ज्या बाईनं सभागृहातल्या आपल्या प्रतिनिधीला पाण्याबद्दल जाब विचारायचा, तिला वर्षातून एकदा मंडपात बोलावून टाळ्या वाजवायला लावलं गेलं. हा दोष खेळाचा नाही, आणि खेळणाऱ्या बाईचा तर मुळीच नाही.

म्हणून हे कार्यक्रम बंद करा असं मी म्हणणार नाही. बायकांना हसायला, धावायला, जिंकायला या शहरांत जागा कितीशा आहेत? आयोजकांकडे मागणं एवढंच आहे: मंडप मोडा आणि खेळ चाळींच्या, सोसायट्यांच्या अंगणात न्या, जिथे तुम्ही पाहुणे असाल. ते जमत नसेल तर निदान जिंकलेल्या बाईच्या हाती पैठणीबरोबर माइकही द्या, भाऊंच्या भाषणाआधी. तिला तिच्या गल्लीतल्या गटाराबद्दल आणि जीवन प्राधिकरणाच्या पाण्याबद्दल बोलू द्या, आणि भाऊंनी तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्यावं.