आठवणीचे निमित्त

स्मृती संस्कारातून उपजते, असे आपल्याकडील नैयायिक मानतात. संस्कार मनात निजलेला असतो. तो जागा होण्यास काही निमित्त लागते. या निमित्ताला त्यांनी ‘उद्बोधक’ असे नाव दिले आहे. आपण काय आठवतो हे पुष्कळदा आपल्या इच्छेपेक्षा या उद्बोधकावर अवलंबून असते.

गेले काही महिने आम्ही समवयस्क मंडळी एक परिपाठ पाळीत आहोत. सकाळी एकाने एक शब्द सांगावयाचा आणि रात्री निजण्यापूर्वी इतरांनी त्यावर सुचेल ते वहीत लिहावयाचे. नियम एकच : शब्द दुसऱ्याने द्यावयाचा. स्वतः शब्द निवडला की मन नेहमीच्याच आठवणींच्या दारी जाऊन उभे राहते.

एके दिवशी शब्द आला ‘तूप’. हा शब्द मराठीला कन्नडने दिला. अक्का, अण्णा हेही तिकडचेच. लिहिताना आठवली ती शेजारच्या कन्नड घरातील माउली. लोणी कढले की बेरी खाण्यासाठी ती आम्हा मुलांना कन्नडमध्ये हाक मारी, आम्ही मराठीत ‘ओ’ देत असू आणि कोणाचे काही अडत नसे.

पुढे ‘वखार’ हा शब्द आला. निपाणीत बालपण गेलेल्यांच्या घशाला आजही तंबाखूचा खकाणा आठवतो. त्या खकाण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्रियांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने 1982 साली एक लघुपट केला. त्याआधीच्या वर्षी, 1981 मध्ये, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांना मालाचा भाव हवा होता. तो कोणत्या भाषेत मागावा, हा त्या रस्त्यावरचा प्रश्न नव्हता.

एक शब्द मात्र आम्हाला कोणी द्यावा लागत नाही. तो म्हणजे ‘सीमा’. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि 2014 साली बेळगावचे नावही अधिकृतपणे बदलले. हे विसरावे असे कोणीही म्हणणार नाही. ज्यांनी त्यापायी तुरुंग भोगला, त्यांच्या घरांत तर ते शक्यही नाही. परंतु जवळजवळ सात दशके एकच शब्द आपला उद्बोधक झाला, तर त्याच्या हाकेला ‘ओ’ न देणाऱ्या आठवणी निजलेल्याच राहतात, हेही तितकेच खरे.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. शेजारणीचे तूप आठवणे ही निष्ठेतील उणीव आहे काय? आमच्यातील एका ज्येष्ठांनी तसा आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, गोड आठवणी लिहिल्या तर ‘मग तुमची तक्रार ती कोणती?’ असे विचारावयास प्रतिपक्ष मोकळा होतो. हा आक्षेप हलका नाही. दुखावलेल्या माणसाचे हसणे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाते, हा जगाचा जुना अनुभव आहे.

तरीही आम्हास वाटते की, न्याय्य मागणी ही शेजाऱ्याच्या वाईटपणावर उभी नसते. मुलांनी मातृभाषेत शिकावे, कचेरीतील कागद आपल्या भाषेत मिळावा, ही मागणी शेजारीण प्रेमळ असली तरी खरीच राहते. उलट, मागणीसाठी आठवणी गाळाव्या लागू लागल्या, तर मागणारी भाषाच आक्रसते. केवळ अर्ज लिहिता येणारी भाषा राखून आपण नेमके काय राखणार?

आपल्या भागातील थोरांनी हे आचरून दाखविले आहे. इंदिरा संतांनी बेळगावात राहून जी कविता लिहिली तिचे विश्व घर, निसर्ग आणि एकटेपण यांचे आहे. महादेव मोरे यांनी निपाणीत पिठाची गिरणी चालवीत कष्टकऱ्यांची मराठी कागदावर आणली. पु. ल. देशपांडे यांच्या रावसाहेबांचे मराठी तर कन्नडच्या हेलाखेरीज ऐकूच येत नाही. यांतील कोणामुळे मराठी उणी झाली असे म्हणता येणार नाही.

म्हणून आता आम्ही ठरविले आहे की, आठवड्यातून एक दिवस शब्द घरातील नातवंडांनी द्यावा. त्यांतील कित्येक कन्नड अथवा इंग्रजी शाळेत जातात. त्यांचा शब्द कदाचित आपल्या ओळखीचा नसेल. तेव्हा अर्थ त्यांनाच विचारावा, आणि रात्री वहीत त्यावर चार ओळी मराठीत लिहून सकाळी त्यांना वाचून दाखवाव्यात.