आवरलेला हात

सद्भक्त हो, आंध्र प्रदेशातील नंद्याल जिल्ह्यात बेलम गुहा आहे. लांबी ३,२२९ मीटर. २००२ पासून ती यात्रेकरू-पर्यटकांस खुली झाली. तेथील 'कोटिलिंगालु' दालनात चुनखडीच्या असंख्य लिंगाकृती आहेत. त्या दाखवता दाखवता गाईड बजावतो, "हात लावू नका."

आपले इष्टलिंग तर करतळावर विराजते. स्पर्शावाचून आपली पूजा नाही. मग येथे हात का आवरावा?

पावसाचे पाणी मातीतील कर्बवायू घेऊन चुनखडी विरघळवते. छताशी लोंबणाऱ्या थेंबातून तो वायू निघून गेला की चुन्याचा कण मागे उरतो. बोटभर वाढीस शतके लागतात. हाताचा तेलकटपणा लागला की तेथे पाणी धरत नाही व वाढ खुंटते. "माझ्या एकट्याच्या स्पर्शाने काय बिघडणार?" असे प्रत्येकजण म्हणू लागला, तर काय उरेल?

इष्टलिंग गुरूने हाती दिले, म्हणून ते धरावे. गुहेतील आकार कोणी आपल्या हाती दिलेला नाही, म्हणून तो राखावा. धरणे आणि राखणे ही एकाच हाताची दोन व्रते. अल्लमप्रभूंच्या वचनांची मुद्रा 'गुहेश्वर'. तो गुहेश्वर दगड चाचपून सापडत नाही. हात जोडून मागे फिरणे, हीही पूजाच होय. शरणु शरणार्थी.