सरळ मानेचा प्रश्न

मराठी भाषेने सरळपणाला मोठा मान दिला आहे. 'सरळ माणूस', 'सरळमार्गी गृहस्थ', 'सरळ वळणाची मुलगी' ही आपली प्रशस्तिपत्रे. उलट वाकड्या वाटेने गेलेला, वाकड्यात शिरणारा, वाकड्या नजरेने पाहणारा, हे सगळे आपल्या दृष्टीने दोषी. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे सांगून आपण सुधारणेची आशाही सोडून देतो. सरळ म्हणजे योग्य आणि वाकडे म्हणजे अयोग्य, हे समीकरण आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण तपासण्याचा योग कोठून येईल याचा नेम नसतो. आम्हांला तो एका वाद्याने आणून दिला. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

वसईपासून गोव्यापर्यंत लग्नाच्या मांडवात, चर्चच्या गायनवृंदात, नाताळच्या कार्यक्रमात हे वाद्य आता घरचेच झाले आहे. हिंदी चित्रपटसंगीतातही ते केव्हाच रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बेस ज्यांनी ऐकली आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगावयास नको. तरीही बहुसंख्य श्रोत्यांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. गाणारा दिसतो, तालवाला दिसतो; बेस वाजवणारा मागे उभा असतो. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते. तो स्वर कानाने ऐकण्यापेक्षा छातीत जाणवतो, आणि तो थांबला की गाण्याखालची जमीनच काढून घेतल्यासारखे वाटते.

आज आपण पाहतो त्या स्वरूपाची बेस गिटार अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी 1951 साली बाजारात आणली. फेंडर (1909–1991) मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. गिटार वाजवणे त्यांना कधीच आले नाही. या वाद्याला त्यांनी 'प्रिसिजन' असे नाव दिले, कारण मोठ्या उभ्या बेसवर जो स्वर केवळ बोटाच्या अंदाजाने शोधावा लागे, तो येथे पडद्यांमुळे नेमका सापडू लागला. तारेची वाजती लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर. चार तारा स्वरात चढवल्या की त्यांचा एकत्रित ताण 70 ते 85 किलोग्रॅम वजनाइतका भरतो. एक प्रौढ माणूस त्या बारीक लाकडी मानेला रात्रंदिवस लटकून राहावा, अशातला हा प्रकार!

लाकूड हे सोसत राहते. पण सोसता सोसता पुढे वाकते. त्यावर उपाय म्हणून मानेच्या पोटात लोखंडी दांडा बसवलेला असतो. त्याला ट्रस रॉड म्हणतात. कलामाझू येथील गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा दांड्याचे पेटंट 1923 साली मिळाले, आणि पुढे ही युक्ती सर्वत्र रूढ झाली. दांड्याच्या एका टोकाला नट असतो. चावीने तो उजवीकडे फिरवला की दांडा आवळतो आणि मानेला तारांच्या ओढीविरुद्ध मागे खेचतो. डावीकडे फिरवला की दांडा सैल पडतो आणि तारा मानेला पुढे ओढतात. पाहणाराला यातले काहीच दिसत नाही. बाहेरून शांत दिसणाऱ्या त्या मानेत दोन परस्परविरोधी शक्ती अहोरात्र झुंजत असतात, आणि त्यांच्या बरोबरीलाच आपण 'वाद्य जुळले' असे म्हणतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दांडा आवळून मान अगदी फूटपट्टीसारखी सरळ करता येते. मग ती तशी का करीत नाहीत? कारण तार ही निर्जीव रेघ नव्हे. छेडली की ती डोलते, आणि मध्यभागी तिचा झोका सर्वांत मोठा असतो. मान पूर्ण सरळ असेल आणि तारा खाली असतील, तर झोके घेणारी तार मधल्या पडद्यांवर आपटते व खरखर करते. म्हणून मानेला किंचित बाक ठेवावा लागतो. तो मोजण्याची रीतही साधी आहे. वाद्य स्वरात लावावे, तार पहिल्या पडद्यावर आणि अखेरच्या पडद्यावर दाबून धरावी. मग तीच तार फूटपट्टीचे काम करते. आठव्या पडद्याच्या आसपास तार आणि पडदा यांत साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असावी. एवढा वाकडेपणा हा दोष नव्हे. तारेला डोलण्यासाठी ठेवलेली ती जागा आहे.

यावरून कोणी असे म्हणेल की मग वाकडेपणाच बरा. तसे मुळीच नाही. बाक वाढला की तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटे दुखतात, स्वर बिघडतो. बाक नको असे नव्हे आणि कितीही चालेल असेही नव्हे. तो किती असावा हे तारेच्या डोलण्यावरून ठरते. सरळपणा हे येथे साध्य नसून वाजणे हे साध्य आहे. एखाद्या घरात शिस्त इतकी चोख असते की कोणी मोठ्याने हसले तरी ते कोठेतरी आपटते. त्या घरातील माणसे दुष्ट नसतात. त्यांची मान फार सरळ आवळली गेलेली असते, इतकेच.

या दांड्याविषयी आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आवळलेला दांडा तसाच ठेवून तारा काढून टाकल्या, तर मान सरळ होत नाही. ती उलट्या दिशेने, मागे वाकते. दांड्याचा जोर तारांच्या ओढीला उत्तर म्हणून असतो. ओढच नाहीशी झाली की उत्तर हाच नवा दोष होतो. मनुष्याच्या इच्छा, आवडी, ओढी सगळ्या काढून घ्याव्यात आणि नियम तेवढे शिल्लक ठेवावेत, म्हणजे माणूस सरळ होईल, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळांची असते. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला कशाचीच ओढ नाही, त्याला निव्वळ नियमाचा दांडा मागच्या बाजूला वाकवतो. तो कठोर होतो, आणि आपण कठोर झालो हे त्याच्या लक्षातही येत नाही, कारण वाजण्यासाठी त्याच्यावर तारच उरलेली नसते.

वाद्य जुळवण्याच्या कामाला क्रम आहे. आधी तारा स्वरात लावायच्या, मग दांडा, मग ब्रिजवरील सॅडलनी तारांची उंची, आणि सर्वांत शेवटी स्वरांची लांबी. पुष्कळ नवशिके तारा उंच वाटल्या की थेट दांडा आवळू लागतात. त्याने तारा थोड्या खाली येतातही. म्हणूनच हा मोह फसवा. पण तारांची उंची ठरवणे हे दांड्याचे कामच नव्हे. त्यासाठी सॅडलचे छोटे स्क्रू दिलेले आहेत. दुखणे एकीकडे आणि उपचार दुसरीकडे, आणि तरीही तात्पुरता गुण आला, यासारखा धोका नाही. मुलाचे गणित कच्चे आहे म्हणून त्याचे खेळणे बंद करणारा बाप नेमके हेच करीत असतो. चार दिवस मूल पुस्तकासमोर बसलेले दिसते. बापाला वाटते, उपाय लागू पडला.

शिवाय घाई येथे चालत नाही. नट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये; अष्टमांश फेरा अधिक चांगला. आवळताना तारा थोड्या उतरवाव्यात, पुन्हा स्वरात लावाव्यात आणि थांबावे. लाकूड आपला निर्णय सावकाश कळवते. कधी दुसऱ्या दिवशी. नट फिरेनासा झाला तर जोर लावू नये. जोर लावणाराच्या हाती अखेर झिजलेला नट किंवा तुटलेला दांडा येतो, आणि त्याची दुरुस्ती कित्येकदा वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

मग हे काम आपण स्वतः करावे की जाणत्याकडे सोपवावे? दोन्ही बाजूंना वजन आहे. जाणत्याने आयुष्यभर शेकडो मानांवर हात फिरवलेला असतो. आपण एकच मान ओळखतो. परंतु ती एक मान आपणच ओळखतो, हेही तितकेच खरे. मृगाचा पाऊस आला की आपल्या घरातली हवा किती ओलसर होते, मार्चमध्ये ती कशी कोरडी पडते, आपले बोट तारेवर किती जोराने पडते, हे कारागिराला दुकानात बसून कसे कळावे? लाकूड ऋतूबरोबर ओल घेते आणि सोडते, आणि मान दर वेळी थोडी हलते. आमच्या समजुतीप्रमाणे नट बाहेरून फिरवता येईल असा ठेवण्यात निर्मात्याची एक नम्र कबुलीच आहे: हे वाद्य कोणत्या घरी, कोणत्या हवेत जाईल ते मला ठाऊक नाही; पुढचे तुम्ही पाहा.

आपल्या परंपरेलाही ही वाटणी अनोळखी नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे तंबोऱ्याची जवारी काढणे हे कारागिराचे काम. पण घोडीवरचे सूत सरकवणे आणि मणी पुढेमागे करणे हे गाणाराचे. घोडी घासायला गायक बसत नाही, आणि सूत सरकवून घेण्यासाठी कोणी मिरज गाठत नाही. बेस गिटारचेही तसेच आहे. दांडा, उंची आणि स्वरांची लांबी ही मालकाची जबाबदारी. झिजलेले पडदे किंवा पिळवटलेली मान असेल तर निमूटपणे जाणत्याकडे जावे. स्वावलंबनाचा अभिमान आणि परावलंबनाचा आळस यांच्यामधली ही रेघ प्रत्येकाने आपल्यापुरती ओळखली पाहिजे.

शेवटची पायरी स्वरांची. बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, हलका स्पर्श करून एक स्वर काढावा, आणि मग तेथेच तार दाबून दुसरा. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे सरकवून तार लांब करावी. उतरलेला लागला तर सॅडल पुढे आणावे. दाबल्याने तारेचा ताण वाढतो, त्याची ही भरपाई. पण किती काटेकोरपणे केले, तरी प्रत्येक पडद्यावरचा प्रत्येक स्वर निर्दोष होत नाही. पडदे सप्तकाच्या बारा समान भागांवर बसवलेले असतात आणि त्या वाटणीत नैसर्गिक गांधारापेक्षा पडद्यावरचा गांधार सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढाच राहतो. सगळ्या सुरांत गाता यावे म्हणून प्रत्येक सुराने थोडे थोडे सोसावे, असा हा करार आहे. तो न कळलेला माणूस रात्रभर सॅडल पुढेमागे करीत बसतो. कळलेला चावी खाली ठेवतो आणि वाजवू लागतो.

येथवर आम्ही वाद्यावरून माणसाकडे सहज ये-जा केली. आता या तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. लाकूड चावीला विरोध करीत नाही. माणूस करतो, आणि त्याने तो करावा. दुसऱ्या माणसाच्या मानेतला नट फिरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? लहान मुलाच्या बाबतीत आईबाप काही वर्षे ती चावी सांभाळतात, हे खरे. पण ती सांभाळायला दिलेली असते, मालकीची नसते. मूल मोठे झाले तरी चावी खिशातून न काढणारे आईबाप, लग्न झालेल्या मुलाच्या संसारात पाव-पाव फेरा देत राहणारे वडीलधारे, मित्राच्या हिताच्या नावाखाली त्याला आवळणारे मित्र आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. समोरच्याची तार कोणत्या ओढीने ताणलेली आहे, हे मात्र त्यांना बाहेरून दिसू शकत नाही.

म्हणून 'स्वतः करावे की नाही' या प्रश्नाचे आमचे उत्तर वाद्याच्या बाबतीत 'शिकून करावे' असे आहे, आणि माणसाच्या बाबतीत 'ज्याचे त्यानेच करावे' असे. दुसऱ्यासाठी आपल्याला करता येण्याजोगे तेवढे एक उरते: त्याच्या हाती चावी द्यावी, क्रम सांगावा, पाव फेऱ्यानंतर थांबायला शिकवावे, आणि खरखर कोठे येते ते त्याच्याबरोबर शांतपणे ऐकावे. ऐकणे हे काम त्यांतले सर्वांत अवघड. ज्या घरात तरुण मुलगा रात्री कोपऱ्यात बसून बेसच्या तारा लावीत असतो, त्या घरातल्या वडिलांनी एकदा त्याच्याजवळ बसून ते काम पाहावे, अशी आमची सूचना आहे. काही बोलण्याची गरज नाही. फार तर मोजणीची पट्टी हातात धरून द्यावी.